झिपरूमामाच्या एकोणीस प्लेटा

नाशिकच्या त्या कॉलेजात प्राचार्यांना उलट उत्तर देणारे दोन-चार जण तरी होते, पण फिजिक्सच्या प्रयोगशाळेत झिपरू गावितच्या शब्दाबाहेर जायची कोणाची छाती नव्हती. कागदोपत्री तो प्रयोगशाळा परिचर, म्हणजे साध्या भाषेत शिपाई. विद्यार्थी त्याला मामा म्हणत. एखाद्या दीडशहाण्यानं प्रिझमच्या काचेला बोट लावलं की मामा ते प्रिझम त्याच्या हातातून काढून घेई, मलमलच्या तुकड्यानं पुसू लागे, आणि पुसता पुसता जे काही ऐकवी, त्यामुळे ते पोर पुढं घरच्या आरशालाही हात लावताना दचकत असेल. नव्यानं लागलेल्या प्राध्यापकांनाही यातून सूट नव्हती. एका तरुण प्राध्यापकानं भिंग खिशातल्या रुमालानं पुसलं, तर मामानं सगळ्या वर्गासमोर विचारलं, "सर, याच रुमालानं नाक बी पुसता ना?"

झिपरू सुरगाण्याकडच्या डोंगरातला. भात आणि नागली घरात आली की पाड्यावरची निम्मी माणसं मुकादमाबरोबर खाली उतरायची आणि मिळेल त्या कामाला लागायची. तसाच तोही एका वर्षी नाशकात आला आणि कॉलेजच्या नव्या विज्ञान इमारतीवर विटा वाहू लागला. इमारत उभी राहिली, बाकीची मंडळी दुसऱ्या कामावर गेली, झिपरू तिथंच राहिला. कोणीतरी त्याला हमाल म्हणून ठेवून घेतलं. सातवी पास होता, हात स्वच्छ होते आणि एकदा सांगितलेलं विसरत नव्हता, त्यामुळे दोन वर्षांत तो सामान वाहणारा न राहता सामान सांभाळणारा झाला. इमारतीच्या निम्म्या विटा आपल्या डोक्यावरून आल्यात, याचा त्याला असा काही अभिमान होता की कोणी भिंतीला पाय टेकून उभं राहिलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडे.

त्याला खरं घडवलं ते गर्गे सरांनी. सर पंचवटीत राहणारे, कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवणारे, आणि राग कायम नाकावर घेऊन फिरणारे. जर्नल नीट लिहिलं नाही म्हणून त्यांनी एका मुलाचं जर्नल खिडकीतून खाली भिरकावलं होतं, आणि ते नेमकं प्राचार्यांच्या स्कूटरवर पडलं होतं. पण झिपरूवर सरांनी कधी आवाज चढवला नाही. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक एकदा उपकरण तपासायला वाकले, तर सर त्यांना म्हणाले, "झिपरूचा हात ज्याला लागला, ते मी तपासत नाही. तुम्हीही वेळ घालवू नका." झिपरू तेव्हा दारातच उभा होता. वरकरणी त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण संध्याकाळी घरी जाऊन सुलाबाईला, म्हणजे बायकोला, ते वाक्य दोनदा सांगितलं. पगारवाढीचं त्यानं एकदाच सांगितलं होतं.

सरांना एका ताऱ्यानं वेड लावलं होतं. साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा, नकाशात नुसता नंबर असलेला तारा. खरं तर ते दोन तारे, साडेपाच दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घालणारे. इतके जवळ की दुर्बिणीतूनही एकच ठिपका दिसावा. त्यातला मोठा तारा विक्षिप्त. आपल्या सूर्यात पारा नि मँगनीज नावापुरतं, तर या पठ्ठ्याच्या अंगावर त्याचे नुसते थरच्या थर. ताऱ्याचा उजेड यंत्रातून पसरवून फोटोच्या काचेच्या प्लेटवर घेतला की एक लांबट पट्टा उमटतो आणि त्यात बारीक आडव्या रेषा दिसतात. पाऱ्याची रेषा वेगळी, मँगनीजच्या वेगळ्या. रेषा जितकी ठळक, तितका तो पदार्थ जास्त.

एक्क्याण्णव, ब्याण्णव आणि त्र्याण्णव, अशा तीन वर्षांच्या जानेवारीत दक्षिणेतल्या एका वेधशाळेनं सरांना आठ-आठ दिवस दुर्बीण वापरायला दिली. सर झिपरूला बरोबर घेऊन गेले. विद्यापीठाचे दोन हुशार विद्यार्थी यायला तयार होते, त्यांना सरांनी नाही म्हटलं. तिथं कामाची वाटणी ठरून गेली होती. सर दुर्बिणीपाशी बसून ताऱ्याला जागेवर धरून ठेवत. झिपरू अंधाऱ्या खोलीत प्लेट धुई, वाळवी, पाकिटात घाली आणि पाकिटावर लिही. किती वाजले ते सर वरून ओरडून सांगत. तारीख झिपरू स्वतःच घाली. तारीख काय, ती कोणालाही ठाऊक असते.

तीन हिवाळ्यांत सेहेचाळीस प्लेटा जमल्या. सरांनी प्रत्येक प्लेटवर पाऱ्याची रेषा किती ठळक आहे ते वेधशाळेच्या यंत्रावर मोजलं आणि त्यांना दिसलं की ती बदलतेय. एखाद्या दिवशी ठळक, एखाद्या दिवशी फिकी, आणि या बदलाचा दोन ताऱ्यांच्या फेरीशी काही मेळ नाही. म्हणजे ताऱ्याच्या स्वतःच्या अंगातच काहीतरी घडामोड चालली होती. तोवर अशा ताऱ्यांविषयी असं फारसं कोणी म्हटलं नव्हतं. चौऱ्याण्णव साली सरांचा लेख एका चांगल्या नियतकालिकात आला. त्यात झिपरूचं नाव नव्हतं. ते असावं असं सरांच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर झिपरूच्याही आलं नाही. सरांनी पेढे वाटले आणि पहिला पेढा झिपरूच्या हातावर ठेवला, एवढ्यावर तो खूश होता.

अठ्ठ्याण्णवला सर निवृत्त झाले. पुढं पाच वर्षांनी परदेशातल्या काही लोकांनी नव्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यानं तोच तारा महिनाभर पाहिला आणि सरळ लिहून टाकलं, की गर्गे म्हणतात तसा बदल आम्हाला दिसला नाही. सरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी आशा पगारेला निरोप धाडला.

आशा मनमाडची, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. सरांची विद्यार्थिनी, आणि आता त्याच विभागात शिकवत शिकवत डॉक्टरेट करणारी. सर तिला म्हणाले, "माझ्या प्लेटा कपाटात आहेत. कोणाची भीड धरू नकोस. नव्यानं तपास आणि त्या लोकांना दाखवून दे."

आशानं तपासायचं ठरवलं, पण वेगळ्या बाजूनं. ठळकपणा सरांनी मोजलाच होता. रेषा नेमकी कुठं पडलीय, हे मात्र कोणी मोजलं नव्हतं. तारा आपल्याकडे येत असला की रेषा एका बाजूला किंचित सरकते, दूर जात असला की दुसऱ्या बाजूला. त्या सरकण्यावरून फेरीत तारा त्या क्षणी कुठं होता ते कळतं, आणि ते साडेपाच दिवसांच्या फेरीच्या हिशेबात बसतं का, यावरून प्लेटांची चांगली पारख होते. ते मोजायला डोळा आणि सबुरी हवी. आशा झिपरूकडे गेली. मे महिन्याच्या अखेरीला झिपरूही निवृत्त व्हायचा होता. त्या वेळी फेब्रुवारी चालू होता.

"मामा, सेहेचाळीस प्लेटा आहेत. जमेल?"

"जमंल म्हंजी? त्या प्लेटा मीच धुतल्यात, मॅडम. मला पोरांवानी हायेत त्या."

त्यानं कोपऱ्यातला जुना सरकता मायक्रोस्कोप काढला, त्याला तेलपाणी केलं आणि मोजायला बसला. त्याची स्वतःची एक शिस्त होती. पाकिटं आशाकडे, त्याच्याकडे फक्त प्लेट आणि तिचा नंबर. प्रत्येक प्लेट आधी सरळ लावून मोजायची, तो कागद पालथा घालून खणात टाकायचा, मग प्लेट फिरवून उलटी लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. माणसाचा डोळा नेहमी एकाच अंगाला चुकतो. सरळ-उलट केलं की ती चूक एकमेकीत जिरते, हे त्याला सरांनी शिकवलं होतं. जेवणानंतर तो मोजत नसे. पोट भरलं की डोळा आळशी होतो, हे मात्र त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. तो मोजत असताना कोणी शेजारच्या टेबलावर पेन ठेवलं तरी तो मान वर करून बघे, आणि ठेवणारा मुकाट्यानं पेन उचलून बाहेर जाई.

पाच आठवडे हे चाललं. मार्चच्या अखेरीस आशानं सगळे आकडे गणितात घातले. संध्याकाळी ती त्याच्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच झिपरूनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"मामा, सत्तावीस प्लेटा अगदी बरोबर बसतात. पण एकोणीस काही केल्या बसत नाहीत. त्या... म्हणजे, मोजताना थोडं..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. झिपरूचे कान लाल झाले. पस्तीस वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. "बरं," एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन त्यानं त्या एकोणीस प्लेटा नव्यानं मोजायला घेतल्या. चार दिवस तो सकाळभर मायक्रोस्कोपला डोळा लावून होता. पाचव्या दिवशी जुने कागद नि नवे कागद शेजारी ठेवले. फरक होता तो केसाएवढासुद्धा नाही.

"आता सांगा," तो आशासमोर कागद सरकवत म्हणाला. त्याच्या आवाजात विजय होता आणि थोडा रुसवाही.

"मामा, चुकले मी," आशा म्हणाली. "मोजणी पक्की आहे. मग काय असेल?" तिनं एकोणीस पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली. दोघंही वाकून पाहू लागले. झिपरूचंच घोटीव अक्षर होतं. रात्री १२.५०. रात्री २.१०. रात्री ३.३०. एकूण एक मध्यरात्रीनंतरच्या.

"तारखा बरोबर आहेत ना?"

"तारखा मी घातल्यात," झिपरू म्हणाला. त्याच्या लेखी हे पूर्ण उत्तर होतं.

आशानं एक पाकीट उचललं. "ही बघा. पंधरा जानेवारी एक्क्याण्णव, रात्री दोन वाजून दहा मिनिटं. त्या वर्षीची सगळ्यात पहिली."

"हां. ती ध्यानात हाय माझ्या. संक्रांतीला सुलानं तिळगुळाचा डबा दिला, आमी संध्याकाळी मनमाडला गाडी धरली. दुसऱ्या दिशी दुपारी पोचलो आन् त्याच राती ही प्लेट घेतली."

आशा पाकिटाकडे पाहतच राहिली. "संक्रांत चौदाला. चौदाच्या रात्री दोन वाजता तर तुम्ही गाडीत होता."

"व्हय. सर वरच्या बाकड्यावर, मी खाली पेटीपाशी."

"मग ही प्लेट पंधराच्या रात्रीची. मध्यरात्र उलटून गेल्यावरची. म्हणजे सोळा तारीख, मामा."

"सोळा कशी?" झिपरूला तिच्या अज्ञानाची कीवच आली. "सूर्य कुठं उगवला व्हता?"

आशानं हातातलं पाकीट अगदी हळू खाली ठेवलं. झिपरू तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात येऊ लागलं. डोंगरात दिवस उगवतीला सुरू होतो. कोंबड्यानं बांग देईपर्यंत रात्र आदल्या दिवसाचीच. घड्याळाचे बारा वाजले म्हणून रातोरात वार बदलतो, हे त्याला ऐकून ठाऊक होतं; पण ते सरकारी कागदाला, रेल्वेच्या तिकिटाला. आकाशाचं काम चाललं असताना दिवस आकाशाला विचारून बदलायचा नाही तर कोणाला विचारून? त्यानं तारीख घातली ती इतक्या सहज की, त्यात काही ठरवण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नाही. आणि सरांनी ती जशीच्या तशी गणितात घेतली, कारण झिपरूचा हात लागलेलं ते तपासत नसत.

आशानं एकोणीस तारखा एकेक दिवसानं पुढं केल्या. एकोणीसच्या एकोणीस प्लेटा बिनबोभाट जागेवर बसल्या. मग तिनं सरांचे ठळकपणाचे आकडे घेतले, आणि तिचं तोंड उतरलं. ठळक रेषेच्या सगळ्या प्लेटा आता दोनच ठिकाणी गोळा झाल्या होत्या: फेरीत एक तारा दुसऱ्याच्या पुढं किंवा मागं येतो तिथं. तिनं झिपरूला समजावून सांगितलं. धाकट्या ताऱ्याच्या अंगातही तीच रेषा आहे, पण फिकी. एरवी ती बाजूला पडते आणि प्लेटवरच्या रसायनाच्या दाण्यांत हरवते. दोघे एका ओळीत आले की रेषेवर रेषा पडते आणि ठळक दिसते. तारा बदलत नव्हता. तो बिचारा होता तसाच होता.

"म्हंजी सरांचा लेख..."

आशानं होकारार्थी मान हलवली. मग ती म्हणाली, "मामा, मी सरांना एवढंच सांगते, की प्लेटांवरून नक्की काही ठरत नाही. ते थोडे चिडतील, वाद घालत बसतील. पण तुमचं नाव मध्ये येणार नाही. दोन महिन्यांवर निवृत्ती आहे तुमची."

पोरगी मनाची मोठी होती. झिपरूनं एकेक पाकीट उचलून पेटीत ठेवलं.

त्या रात्री ताटात भाकरी तशीच राहिली. सुलाबाईनं दोनदा विचारलं तेव्हा त्यानं उलट तिलाच विचारलं, "सोमवारी राती दोन वाजता कोनता वार असतो?"

"सोमवारच की. कोंबडा आरवल्याबिगर मंगळवार कसा व्हईल?"

"म्हंजी तू बी चुकलीस," झिपरू म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. पण ते हसू टिकलं नाही. गप्प बसलं तर सर मरेपर्यंत त्या परदेशी लोकांशी भांडत राहतील, खोट्या बाजूनं. आणि बोललं, तर ज्या एका माणसानं आपला हात लागलेलं कधी तपासलं नाही, त्याच्या नजरेतून आपण कायमचे उतरू. झिपरूला नोकरी जायची भीती नव्हती, ती संपतच आली होती. भीती होती ती एवढीच.

रविवारी सकाळी त्यानं प्लेटांची पेटी रिक्षात मांडीवर घेतली आणि पंचवटी गाठली. आशा बरोबर येते म्हणाली होती, तिला त्यानं येऊ दिलं नाही. सिंहस्थाच्या तयारीसाठी सगळ्या गल्ल्या उकरून ठेवल्या होत्या. रिक्षावाल्यानं अलीकडेच सोडलं, आणि खड्ड्याखड्ड्यांतून पेटी छातीशी धरून तो सरांच्या दाराशी पोचला.

सर टेबलाशी बसून परदेशी लोकांना उत्तरच लिहीत होते. "ये, ये, झिपरू! काय म्हणते आशा? आपलं खरं ठरलं ना?"

झिपरूनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. संक्रांत, गाडी, एकोणीस पाकिटं, उगवती. सर ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग तांबडा.

"बारा वर्षं!" ते ओरडले. "बारा वर्षं मी या तारखा धरून बसलोय, जगाशी भांडतोय, झिपरू! आणि कशाच्या जोरावर? सातवी पास माणसाच्या हातात तारखा सोपवल्या मी. माझीच अक्कल गहाण पडली होती!"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. झिपरूला ते शब्द जिथं लागायचे तिथं लागले. तरीपण तो वळला नाही. पेटी त्यानं टेबलावर ठेवली, खिशातून आशाच्या हातची यादी काढली. "म्हना, सर. काय म्हनायचं ते म्हना. पन आधी नव्या तारखांनी खुणा करून बघा. मी म्हनतो म्हनून नको. तपासून बघा."

सरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग रागारागात आलेखाचा कागद ओढला, पेन्सिल घेतली. "वाच."

झिपरू वाचू लागला. प्लेट नंबर, तारीख, रेषा किती सरकली तो आकडा. सर खूण करत होते. पहिल्या चार-पाच खुणांना पेन्सिल कागदात रुतत होती. सातवी खूण करून सर जरा थांबले, कागद लांब धरून पाहिला. "पुढचा," ते म्हणाले. आवाज बदलला होता. दहाव्याला त्यांनी आकडा ऐकायच्या आधीच बोट ठेवलं, "इथं येणार बघ," आणि खूण तिथंच आली. पंधराव्याला सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते, आणि झिपरू त्यांच्या शेजारी वाकला होता. दोघं वेधशाळेत असत तसेच. एकोणिसावी खूण पडली तेव्हा कागदावर एक स्वच्छ लाट उभी होती. एकही ठिपका इकडं-तिकडं नाही.

"अरे, काय सुरेख बसलंय हे!" सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. ज्या लाटेनं त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम पुसून टाकलं होतं, तिच्यावरून ते बोट फिरवत होते, कौतुकानं. झिपरूला त्या क्षणी त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली, की थोड्या वेळापूर्वीचे शब्द त्याला आठवेनातच.

सर खाली बसले. चष्मा काढून पुसू लागले. "झिपरू, तुमच्याकडे दिवस उगवतीला बदलतो, हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं नाय, सर," झिपरू म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांचाच तवाच बदलतो."

सरांचा चष्मा पुसणारा हात तसाच राहिला. मग त्यांनी लिहीत होते ते उत्तर फाडलं, कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "त्या लोकांना कळवायला हवं. लेख दुरुस्त करायचा. चूक माझी. मी तपासलं नाही."

"तारीख मी घातली, सर. चूक माझी."

"तू तुझ्या हिशेबानं बरोबर तारीख घातलीस. मी विचारलं नाही."

"तरी बी लिवलेलं माझं हाय. माझं नाव घाला. दुसऱ्याच्या नावावर माझी चूक नको."

"गाढवा, नाव चुकीला घालत नाहीत, कामाला घालतात!"

"मग मोजनी बी मीच केलीय. सरळ आन् उलटी."

आतून सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, टेबलावर कप ठेवून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहून परत गेल्या. सरांनी कागदाच्या माथ्यावर तीन नावं लिहिली: स्वतःचं, झिपरू गावितचं, आशा पगारेचं. मग नावांखाली पत्ते लिहायला घेतले. पंचवटीचा लिहिला, आशासाठी कॉलेजचा लिहिला.

"तुझा पत्ता? हे छापून यायच्या आत तू निवृत्त होशील. कॉलेजचा चालायचा नाही."

"मी गावी जानार, सर. पाड्यावर."

"पाड्याचं नाव काय?" सरांनी विचारलं, आणि पेन तसंच हवेत राहिलं.

पस्तीस वर्षं. तीन हिवाळे एका छताखाली, एका डब्यातले लाडू. आपण हे काय विचारलं आणि किती उशिरा विचारलं, हे सरांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटलं की झिपरूलाच त्यांच्याकडे बघवेना. सरांची मान खाली गेली. "सांग," ते हळूच म्हणाले. "मला माहीत नाही."

"उंबरमाळ," झिपरू म्हणाला.

सरांनी ते सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं. झिपरूनं वाकून पाहिलं, नीट वाचलं.

"सुरगान्याचं लिवा, सर. पेठ तालुक्यात बी एक उंबरमाळ हाय."